निकालाच्या फाइली आपोआप ‘एक्सएलएसएम’ झाल्या, आता काय करू?

दोनशिक्षकी
२२ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट ३१. जोडीदार गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज, सगळं माझ्याच गळ्यात. १ मेला निकाल वाचायचाय आणि नेमका आत्ता लॅपटॉप अंगात आल्यासारखा वागतोय.

आमच्या तालुक्यातल्या एका गुरुजींनी निकालपत्रकाची एक्सेल फाइल बनवलेली आहे. आकारिक आणि संकलितचे गुण भरले की श्रेणी पडते, वर्णनात्मक नोंदी येतात, आणि प्रगतिपत्रकाच्या शीटवर हजेरी क्रमांक निवडला की त्या मुलाचं पत्रक तयार. तीन वर्षं तीच वापरतेय. यंदाची फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ड्राइव्हची लिंक टाकली होती, तिथून उतरवून घेतली. उघडली तर वर लाल पट्टा. फाइल कुठून आली ते भरवशाचं नाही म्हणून मॅक्रो (फाइलीच्या आतच चालणारा छोटा प्रोग्राम असतो म्हणे) अडवलेत, अशा अर्थाचं इंग्रजी. पुढे जायला बटणच नाही.

ग्रुपवर विचारलं. एका सरांचं लगेच उत्तर: “मॅडम, फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक, ओके. सगळ्यांनी तसंच केलंय.” मीही केलं. मग लालऐवजी पिवळा पट्टा आला, त्यावरचं ‘एनेबल कंटेंट’ दाबलं आणि फाइल छान चालली. ही पाडव्याच्या आसपासची गोष्ट.

परवा बघते तर डेस्कटॉपवरच्या माझ्या बाकीच्या फाइलींच्या चिन्हावर बारीकसं उद्गारचिन्ह. पोषण आहाराचा तक्ता, पटनोंदणी, गेल्या वर्षीचा निकाल, बचत गटाचा हिशोबसुद्धा. सगळ्यांचं शेपूट एक्सएलएसएक्सचं एक्सएलएसएम झालंय. मी कुठेही ‘सेव्ह अ‍ॅज’ केलेलं नाही. शाळेचा पेन ड्राइव्ह घेऊन केंद्रशाळेत प्रिंट काढायला गेले तर तिथल्या मशीनने बोंब मारली आणि दोन फाइली डोळ्यांदेखत उडवल्या. चपला घालून देवळात शिरल्यासारखं सगळे माझ्याकडे बघत होते.

माझे ३१ मुलांचे वर्षभराचे गुण त्या फाइलींत आहेत. ते वाचतील का? ज्या गुरुजींनी फाइल बनवली ते देवमाणूस आहेत, ते असलं काही करणार नाहीत, मग हे आलं कुठून? मला कॉम्प्युटर चालवता येतो, पण त्याच्या पोटातलं काही कळत नाही, असं धरून उत्तर द्या ही विनंती.

कटिंग_चहा
२२ एप्रिल, रात्री १०:५२

विंडोज काढून लिनक्स टाका. विषय कट.

दोनशिक्षकी
२२ एप्रिल, रात्री १०:५८

दादा, १ मेच्या आधी की नंतर?

सोल्डरगन
२२ एप्रिल, रात्री ११:३५

मॅडम, आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करा. पुढचं मोबाइलवर वाचा. आणि त्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस अजून चालवू नका. असं का म्हणतो ते खाली आहे.

माझं बार्शीत एसटी स्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान आहे. मार्चअखेर आणि निकालाचे दिवस हा या रोगाचा माझ्याकडचा सीझन. तुमचं मशीन न बघता सांगतो, चुकलो तर कान धरा. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटेम्स’वर टिक करा. मग सी ड्राइव्हमध्ये ‘प्रोग्रामडेटा’ नावाचा फोल्डर दिसेल, त्यात ‘सिनॅप्टिक्स’ नावाचा फोल्डर आहे का बघा. आत त्याच नावाची एक्झी, म्हणजे प्रोग्रामची फाइल, असेल. उघडू नका, फक्त बघा. शिवाय जिथे तुमच्या एक्सेल फाइली आहेत तिथे एखादी फिकट दिसणारी फाइल सापडेल, नावाची सुरुवात ~$ ने आणि पुढे इंग्रजीत ‘कॅश१’. (एक्सेल फाइल उघडी असताना ~$ आणि पुढे त्याच फाइलीचं नाव अशी एक फाइल एक्सेल स्वतःच बनवतं, तिला घाबरू नका. ही ‘कॅश१’ वेगळी. ती त्या किड्याचीच प्रत असते.)

सिनॅप्टिक्स ही टचपॅड बनवणारी खरी कंपनी आहे, तिचा यात काडीचा संबंध नाही. चोराने पोस्टमनचा खाकी शर्ट घातलाय, इतकंच. स्टार्टअपच्या यादीत स्वतःचं नावही टचपॅडचा ड्रायव्हर म्हणून लावतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, असू दे, लॅपटॉपचंच काहीतरी आहे. या किड्याला एक्सरेड म्हणतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स या तीन ठिकाणच्या एक्सएलएसएक्स फाइली शोधायच्या, त्यांत आपला मॅक्रो घुसवून त्याच नावाची एक्सएलएसएम, म्हणजे मॅक्रोवाली एक्सेल फाइल, करायची आणि मूळची काढून टाकायची, हा त्याचा धंदा. अशी फाइल दुसऱ्याकडे गेली आणि त्याने ‘एनेबल कंटेंट’ दाबलं की मॅक्रो आधी त्या फोल्डरात ‘कॅश१’ शोधतो. नाही मिळाली तर इंटरनेटवरून एक्झी उतरवायला बघतो. कागदावर डाग पडला की त्याच गठ्ठ्यातल्या बाकीच्या कागदांवर उतरतो ना, तसं.

आता तुमच्या देवमाणूस गुरुजींबद्दल. मला एक सांगा, त्या निकालाच्या फाइलीत एक तरी बटण आहे का? ‘सर्व पत्रके छापा’ असलं काही? तुम्ही लिहिलंय त्यावरून सगळं काम सूत्रांवर चालतंय. श्रेणी, नोंदी, हजेरी क्रमांक निवडायची यादी, यातल्या कशालाच मॅक्रो लागत नाही. म्हणजे गुरुजींची मूळ फाइल साधी एक्सएलएसएक्सच असणार. ती कुणीतरी उतरवली, त्याच्या मशीनवर किडा होता, तिथे तिची एक्सएलएसएम झाली, आणि त्या बापड्याने तीच ड्राइव्हवर चढवून ग्रुपवर लिंक टाकली. गुरुजी निर्दोष, लिंक टाकणाराही बहुतेक बेखबर. माणूस भरवशाचा आहे म्हणून आपण फाइलीवर भरवसा टाकतो. पण फाइल त्या माणसाकडून थेट आपल्या हातात येत नाही, मधे सात मशीनवर मुक्काम करून येते.

लाल पट्ट्याचंही सांगतो, कारण तो काय म्हणतोय हे ग्रुपवर कुणी सांगत नाही, घालवायचा कसा एवढंच सांगतात. ब्राउझरने फाइल उतरवली की विंडोज तिला एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं. तिच्यात झोनचा आकडा असतो; ३ म्हणजे इंटरनेटवरून आलेली. पूर्वी ऑफिस अशी फाइल बघून नुसता पिवळा पट्टा दाखवायचं आणि लोक सवयीने बटण दाबायचे. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बटणच काढलं. चिठ्ठी असलेल्या फाइलीतला मॅक्रो सरळ अडवायचा, असं ठरलं. जुलैत लोकांनी ओरड केली म्हणून काही दिवस मागेही घेतलं होतं, मग त्याच महिन्यात परत लागू केलं. प्रॉपर्टीजमधली ‘अनब्लॉक’ची टिक म्हणजे ती चिठ्ठी आपल्या हाताने फाडणं. फाडू नयेच असं नाही, पण फाडायच्या आधी “या फाइलीला मॅक्रो हवाय कशाला?” एवढं विचारायचं. तुमच्या बाबतीत उत्तर होतं, कशालाच नाही.

अजून एक गोम. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅटचा असतो, तिथे ही चिठ्ठी चिकटवायला जागाच नसते. फाइल पेन ड्राइव्हवर टाकली की चिठ्ठी गळून पडते, पुढच्या मशीनवर लाल पट्टा येतच नाही, नुसता पिवळा येतो. शाळेत ऑफिस २०१० वगैरे असेल तर लाल पट्टा कुठूनही आलेल्या फाइलीला दिसणार नाही. ते ऑफिस त्याआधीचं, आणि त्याचा आधार २०२० मध्येच बंद झालाय.

आता काम. अँटिव्हायरस आधी चालवू नका म्हटलं, कारण बऱ्याचदा तो अख्खी एक्सएलएसएमच उचलून बाजूला टाकतो. केंद्रशाळेत तुमच्या दोन फाइली गेल्या त्या अशाच. आधी गुण वाचवा. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडा, सगळ्या एक्सएलएसएम मोबाइलमध्ये कॉपी करा. फोनला यातलं काही होत नाही. ती एक्झी अँड्रॉइडवर चालत नाही आणि मोबाइलमधलं एक्सेल असले मॅक्रो चालवतच नाही. मग फोनवरूनच गुगल शीट्समध्ये एकेक फाइल उघडा आणि गुगल शीट म्हणून सेव्ह करा. मॅक्रो तिथेच गळतो, गुण आणि सूत्रं राहतात. एखादी शीट दिसली नाही तर ती लपवलेली असेल, शीट्सच्या यादीत शोधून दाखवा. पुढे हवी तेव्हा तिथून एक्सएलएसएक्स म्हणून उतरवता येते. प्रगतिपत्रकाच्या चौकटी थोड्या सरकतील, तेवढं हाताने नीट करा.

सगळं वाचलं याची खात्री झाली की मग लॅपटॉप. विंडोज सिक्युरिटी, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि शेवटचा पर्याय ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. मशीन बंद होऊन चालू होईल आणि विंडोज उठायच्या आत तपासणी होईल. किडा जागा व्हायच्या आत पकडायचा. ते झालं की साधा ‘फुल स्कॅन’ रात्रभर लावून झोपा. डाउनलोड्समध्ये पडलेले जुने सेटअप, प्रिंटरचे, फॉन्टचे, सगळे उडवा. हा किडा एक्झी फाइलींनाही लागतो. लागतील तेव्हा कंपनीच्या साइटवरून ताजे घ्या.

आता जे नव्वद टक्के लोक विसरतात आणि पंधरा दिवसांनी परत माझ्याच दुकानात येतात ते. हा मॅक्रो चालला की रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगं लिहून ठेवायची वही) ऑफिसच्या सुरक्षेच्या नोंदीत १ लिहून ठेवतो, एक्सेलसाठी आणि वर्डसाठीही. १ म्हणजे सगळे मॅक्रो, कुणाला न विचारता, चालू द्या. अँटिव्हायरस चोराला काढतो, पण चोराने काढून ठेवलेली कडी काही लावत नाही. ती तुम्ही लावायची: एक्सेल उघडा, फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मॅक्रो सेटिंग्ज. तिथे ‘एनेबल’वर ठिपका असेल. तो ‘डिसेबल विदाउट नोटिफिकेशन’वर आणा. मग पिवळा पट्टाही येणार नाही आणि दाबायला बटणही नाही. तुमच्या कामाला मॅक्रो लागतच नाहीत, काही अडणार नाही. वर्डमध्ये जाऊन हेच पुन्हा करा, एका ठिकाणी केलं म्हणून दुसरीकडे होत नाही.

पासवर्ड राहिले. हा किडा टाइप केलेलं टिपून ठेवतो आणि बाहेर पाठवतो. पाडव्यापासून त्या लॅपटॉपवर शालार्थ, यूडायस, जीमेल, बँक, जे काही उघडलं असेल त्या सगळ्यांचे पासवर्ड आज रात्री मोबाइलवरून बदला. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर १९३० वर लगेच फोन. उद्यावर टाकू नका.

जुनं_खोड
२३ एप्रिल, सकाळी ६:१०

सोल्डरगन यांचं वाचून १९९९ आठवलं. मी तेव्हा बँकेत होतो, आता निवृत्त. २६ मार्च १९९९, शुक्रवार, त्या दिवशी अमेरिकेत मेलिसा नावाची असलीच कीड सुटली. वर्डची फाइल होती. उघडली की आतला मॅक्रो आउटलुक या मेलच्या प्रोग्रामच्या वहीतले पहिले ५० पत्ते घ्यायचा आणि त्यांना तुमच्याच नावाने तीच फाइल पाठवायचा. मजकूर काय, तर तुम्ही मागितलेला कागद हा घ्या, दुसऱ्या कुणाला दाखवू नका. साहेबाच्या नावाने असं पत्र आल्यावर कोण उघडणार नाही? पत्र लिहिणारा ओळखीचा असायचा आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नसायचा, मॅडमच्या गुरुजींसारखा.

आणि कडी काढून ठेवायचा प्रकारही तेव्हापासूनचाच. मेलिसाही वर्डच्या मॅक्रो-सुरक्षेचं सेटिंग खाली आणून ठेवायची. बनवणारा न्यू जर्सीचा होता, २००२ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली. आमच्या शाखेत त्या काळी मेलच नव्हता, म्हणून वाचलो. फ्लॉपीवर मात्र दुसरे किडे होतेच. एक्सेलचा लॅरू. वर्षभर आम्ही त्याला घरजावयासारखा पोसला.

रुपये_अक्षरी
२३ एप्रिल, सकाळी ११:२०

सोल्डरगन दादांचं सगळं पटलं, पण “मॅक्रो बंदच” हे आमच्यासारख्यांना जमत नाही. मी इचलकरंजीत कर सल्लागार आहे. जीएसटीचं नऊ नंबरचं वार्षिक विवरणपत्र ऑफलाइन भरायचं साधन म्हणजे मॅक्रोवाली एक्सेल, आयकर विवरणपत्राची एक्सेल युटिलिटीसुद्धा तीच गत. तिथे ‘व्हॅलिडेट’चं बटण दाबल्याशिवाय पोर्टलवर चढवायची जेसन फाइल तयार होत नाही, मॅक्रो बंद असेल तर बटण मेल्यासारखं पडून राहतं. सरकारी पोर्टलवरून उतरवली तरी लाल पट्टा येतोच, कारण विंडोजच्या लेखी तेही इंटरनेटच. म्हणजे आम्हाला दरवर्षी चिठ्ठी फाडावीच लागते, आणि फाडून फाडून हाताला सवय लागते. ही सवयच माझ्या अंगाशी आली होती.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या अशिलाच्या मेलवरून झिप आली. आधीच्या खऱ्या पत्रव्यवहाराखाली उत्तर म्हणून आली होती, आणि मेलमध्येच झिपचा पासवर्ड. मला वाटलं, वा, यंत्रमागवाले शेठ आता सुरक्षितपणे पाठवायला शिकले. पासवर्ड लावण्याचं खरं कारण नंतर कळलं: कुलूप असलं की मेलच्या तपासणीला आत काय आहे ते बघता येत नाही. आत वर्डची फाइल. उघडली तर बिल नाही, काही नाही, फक्त एक चित्र. त्यावर लिहिलेलं, हा दस्तऐवज जुन्या आवृत्तीत बनवलाय, दिसण्यासाठी आधी ‘एनेबल एडिटिंग’ मग ‘एनेबल कंटेंट’ दाबा. बाणसुद्धा काढलेला. मी पहिलं बटण दाबलं. दुसऱ्यावर बोट होतं तेवढ्यात आमच्या ऑफिसातली आर्टिकलशिपला नसलेली, नुसती टायपिंगला असलेली मुलगी म्हणाली, “ताई, कागदच कसा सांगतोय मला उघड म्हणून?”

त्या दिवशी शेठना फोन लावला. त्यांनी काही पाठवलंच नव्हतं, मेल त्यांच्या खात्यातून गेला होता.

आता मी सरकारी युटिलिटी फक्त त्या त्या पोर्टलवरूनच घेते, दुसऱ्या सल्लागाराने कितीही प्रेमाने “नवीन व्हर्जन” पाठवली तरी नाही. त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर केलाय आणि तो ‘ट्रस्टेड लोकेशन’मध्ये टाकलाय. अशिलांकडून आलेली एक्सएलएसएम मी उघडत नाही, एक्सएलएसएक्स करून पाठवा म्हणते. कुरकुरतात, पाठवतात. आणि हो, माझ्या नावावरून कळलंच असेल, आकड्याचे मराठी शब्द करणारं एक अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडायचा छोटा प्रोग्राम) मी कुठल्याशा साइटवरून घेऊन वर्षानुवर्षं वापरत होते. ते कुणी लिहिलं, आत काय आहे, देव जाणे. मागच्या महिन्यात काढून टाकलं. आता ‘रुपये … फक्त’ हाताने टाइप करते.

सोल्डरगन
२३ एप्रिल, दुपारी १:०५

ताई, त्या टायपिंगवाल्या मुलीचा पगार वाढवा.

एकच हरकत, ‘ट्रस्टेड लोकेशन’. त्या फोल्डरात जे पडेल त्याला ऑफिस काहीच विचारत नाही, ना लाल ना पिवळा. आज तुम्ही तिथे फक्त युटिलिटी ठेवता, उद्या घाईत कुणीतरी अशिलाची फाइलही तिथेच ठेवणार. माझ्याकडे एका साहेबांचं मशीन आलं होतं, त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने अख्खा डाउनलोड्स फोल्डरच ट्रस्टेड केला होता. म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाज्यावर ‘या, बसा’ लिहून ठेवलं. पोर्टलवरून घेतलेल्या एकेका युटिलिटीला प्रॉपर्टीजमधून अनब्लॉक करणं बरं. वर्षातून आठ-दहा वेळा करावं लागेल, तेवढा त्रास असू द्या. आणि झिप असेल तर आधी झिपच अनब्लॉक करून मग उलगडा, नाहीतर विंडोजने उलगडलेल्या आतल्या फाइलींनाही तीच चिठ्ठी चिकटते.

रुपये_अक्षरी
२३ एप्रिल, दुपारी १:४०

मान्य. काढते ट्रस्टेडमधून. मुलीच्या पगाराचं बघू.

दोनशिक्षकी
२५ एप्रिल, रात्री ९:१५

सगळ्यांना हात जोडून आभार. काय काय झालं ते लिहिते, कारण असे धागे वाचताना शेवटी “झालं का?” हेच कळत नाही आणि चिडचिड होते.

सिनॅप्टिक्सचा फोल्डर होता. दादा, तुम्ही बार्शीत बसून माझ्या सी ड्राइव्हमधलं सांगितलंत, अंगावर काटा आला. ‘कॅश१’ डेस्कटॉपवरही होती आणि लाल टोपीच्या पेन ड्राइव्हवरही. गुण मोबाइलवरून गुगल शीटमध्ये घेतले. ३१ पैकी ३१ मुलं सापडली. चौथीच्या चौघांच्या वर्णनात्मक नोंदींत ‘नियमित उपस्थित राहते’चं ‘राहतो’ झालं होतं, पण ती माझीच चूक निघाली, किड्याची नाही. तो आळ त्याच्यावर घालणार नाही.

ऑफलाइन स्कॅनला साधारण पंधरा मिनिटं लागली. नंतरच्या फुल स्कॅनने काय काय काढलं ते वाचून मी लॅपटॉपला हात लावायलाच घाबरत होते. मॅक्रो सेटिंग्जमध्ये खरोखर ‘एनेबल’वरच ठिपका होता! मी तर त्या पानावर जन्मात गेले नव्हते. एक्सेल आणि वर्ड, दोन्हीकडे बदललं. शालार्थ, यूडायस, बँक, सगळे पासवर्ड नवीन. बँकेतून काही गेलेलं नाही.

गुरुजींना फोन केला. आधी ते दुखावले, “माझ्या फाइलीत व्हायरस?” म्हणाले. मग त्यांनी स्वतःची मूळ फाइल बघितली, ती एक्सएलएसएक्सच होती. तुमचा तर्क बरोबर. बटण एकही नाही. आता ते फाइल स्वतःच्याच ड्राइव्हवर ठेवणार आहेत आणि लिंकबरोबर लिहिणार आहेत की यात मॅक्रो नाही, पट्टा दिसला तर फाइल उडवा आणि मला फोन करा. मी ग्रुपवरही सविस्तर लिहिलं. दोनशे जणांच्या ग्रुपवर सहा अंगठे आले, आणि अर्ध्या तासाने एका सरांनी परत तीच जुनी लिंक टाकली, “ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी” म्हणून. मग केंद्रप्रमुखांना फोन लावला, त्यांनी अ‍ॅडमिनकडून ती काढायला लावली. तोवर किती जणांनी उतरवली असेल कोण जाणे.

एकच राहिलं. लाल टोपीचा पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून वापरू का फेकून देऊ? ४ जीबीचा आहे, शाळेच्या साहित्य नोंदवहीत त्याची नोंद आहे, फेकला तर लेखापरीक्षणात उत्तर द्यावं लागेल.

सोल्डरगन
२५ एप्रिल, रात्री ९:४०

फॉरमॅट करा, चालतो. साफ झालेल्या लॅपटॉपवर लावा, आतलं काही उघडू नका, चिन्हावर राइट क्लिक, फॉरमॅट. आणि केंद्रशाळेच्या मशीनवर नेल्यावर परत आणताना आधी स्कॅन. त्या मशीनने तुमच्या दोन फाइली पकडल्या म्हणजे तिथला अँटिव्हायरस जागा आहे, पण बाकीच्या शाळांचे पेन ड्राइव्हही तिथेच लागतात.

कटिंग_चहा
२५ एप्रिल, रात्री ९:४४

१ मे नंतर लिनक्स.

दोनशिक्षकी
२५ एप्रिल, रात्री ९:५१

दादा, शाळेला एक शिक्षक द्या, मग तुम्ही म्हणाल ते टाकते.